संगणकाचं सर्टिफिकेट: कोणतं, कशासाठी आणि कसं

सरकारी भरतीच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेच्या खाली बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो. सामान्य प्रशासन विभागाच्या माहिती तंत्रज्ञान शाखेच्या ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा त्यात दाखला असतो आणि त्यात सांगितलेली संगणक अर्हता उमेदवाराकडे असली पाहिजे, असं लिहिलेलं असतं. वयाची अट, जागा किती, फी किती एवढं पाहून आपली पोरं थेट अर्ज भरायला बसतात. हा परिच्छेद वाचायचा राहतो. मग कागदपत्र पडताळणीच्या दिवशी फाईलमधून सोनेरी किनारीचं, गरुडाचं चित्र असलेलं एक सर्टिफिकेट निघतं आणि समोरचा कारकून ते हातात न घेताच म्हणतो, ‘हे चालत नाही.’

म्हणून कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या खेड्यांतून संगणकाच्या क्लासला नाव घालायला निघालेल्या प्रत्येकाला पहिलं सांगणं हे, की फी भरण्याआधी आपल्याला नेमका कोणता कागद लागणार आहे ते ठरवा. कोर्स पुष्कळ आहेत, मान्य कागद मोजके आहेत.

त्या शासन निर्णयाप्रमाणे सोप्या भाषेत दोन वाटा आहेत. पहिली, महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाची एमएस-सीआयटी परीक्षा. दुसरी, केंद्र सरकारच्या डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी किंवा त्याच्या वरची ओ, ए, बी, सी स्तरांची परीक्षा. या दुसऱ्या नावाशी अनेकजण अडखळतात, कारण जाहिरातीत अजूनही डीओईएसीसी लिहिलेलं असतं आणि इंटरनेटवर शोधायला गेलं तर नायलिट असं नाव येतं. घाबरू नका, संस्था एकच आहे. २०११ साली डीओईएसीसीचं नाव बदलून नायलिट झालं. त्याचं केंद्र आपल्याला फार लांबही नाही, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात आहे.

मान्यता ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. शिकवतो कोण, यापेक्षा परीक्षा घेतो कोण आणि सर्टिफिकेटवर सही कुणाची, ते बघा. एमएस-सीआयटी शिकवण्याची व्यवस्था महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल पाहते. राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली ही कंपनी स्थापन झाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं. शिकवायला गावोगावची अधिकृत केंद्रं, पण अंतिम परीक्षा मात्र तंत्र शिक्षण मंडळाची. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असल्यामुळे या कागदाला वजन आलं. याउलट एखाद्या संस्थेच्या नावात ‘अखिल भारतीय’, ‘राष्ट्रीय परिषद’, ‘आयएसओ प्रमाणित’ असे भारदस्त शब्द असतील, पण तीच शिकवत असेल, तीच पेपर काढत असेल आणि तीच सही करत असेल, तर त्या कागदाचा उपयोग सरकारी भरतीत होईल असं धरून चालू नका. तिथं शिकवणं कदाचित चांगलंही असेल. प्रश्न कागदाचा आहे.

केंद्र अधिकृत आहे का, हे पाटी वाचून ठरवायचं नसतं. पाटीवर एमएस-सीआयटी कुणीही रंगवून घेतो. एमकेसीएलच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका निवडला की त्या भागातल्या अधिकृत केंद्रांची यादी मिळते. जालना, मग घनसावंगी निवडा आणि तुमच्या केंद्राचं नाव त्यात आहे का पाहा. फी भरल्यावर रीतसर पावती आणि नोंदणीचा स्वतःचा लॉगिन मागा. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला फीही नंतरच द्या.

हा कागद इतका महत्त्वाचा का, याचा धडा आधीच्या पिढीतल्या नोकरदारांनी घेतलेला आहे. नोकरीत आलेल्या कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना शासनाने संगणक अर्हता मिळवायला मुदत घालून दिली होती. अनेकांनी ‘बघू पुढं’ म्हणत ती घालवली. मग वेतनवाढी रोखल्या गेल्या, दिलेल्या वाढीची वसुली निघाली आणि ही भांडणं कोर्टापर्यंत गेली. आजही कित्येक पदांच्या जाहिरातीत अशी सवलत असते की निवड झाल्यावर नियुक्तीच्या दिनांकापासून २ वर्षांच्या आत ही अर्हता मिळवली तरी चालेल. काही पदांना मात्र अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच ती हातात असावी लागते. सवलत आहे की नाही, हे त्या त्या जाहिरातीतच पाहायचं. मित्राने मागच्या भरतीत काय केलं होतं त्यावरून नाही. आणि सवलत असली तरी नवी नोकरी, नवं गाव, खात्याची परीक्षा यांच्या धबडग्यात संगणकाचा क्लास लावण्यापेक्षा आत्ता रिकामा वेळ आहे तेव्हाच उरकलेलं बरं.

आता दोन्हींतलं निवडायचं काय?

ज्याला संगणकाची फारशी ओळख नाही, घरी लॅपटॉप नाही आणि मराठीतून शिकायचंय, त्याने एमएस-सीआयटी घ्यावं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून ते शिकता येतं. वयाची अट नाही. दहावी झालेली असली तर समजायला सोपं जातं, पण दहावी नापास माणसालाही ते बंद नाही. रोज दोन तास धरले तर साधारण दोन ते तीन महिन्यांत अभ्यासक्रम होतो. गुणांची विभागणी लक्षात ठेवा: ५० गुण केंद्रावरच्या तुमच्या रोजच्या कामाचे आणि ५० गुण मंडळाच्या ऑनलाइन परीक्षेचे. दोन्हींत वेगवेगळे किमान २० मिळवावे लागतात. म्हणजे रोजची सत्रं बुडवून शेवटच्या दिवशी पाठांतरावर निभावून नेण्याचा बेत मुळातच चुकीचा आहे. ‘तुम्ही फक्त फी भरा, यायची गरज नाही, पास करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. जी गोष्ट शिकायला पैसे देताय तीच तो तुम्हाला द्यायला तयार नाही.

फी गेल्या काही वर्षांत साडेचार ते पाच हजारांच्या घरात राहिली आहे, हप्त्यांनी भरायची सोय असते आणि परीक्षेचं शुल्क त्यातच धरलेलं असतं. नापास झालात तर पुन्हा परीक्षेचे पैसे वेगळे. या महिन्याला फी नेमकी किती, ते एमकेसीएलच्या संकेतस्थळावर बघूनच केंद्रावर जा. जाहीर फीपेक्षा जास्त मागितलं तर ‘कशाचे?’ हे विचारायला लाजू नका.

सीसीसीची गोष्ट वेगळी. ज्याला संगणक आधीच हाताळता येतो, कॉलेजात प्रॅक्टिकल झालेलं आहे, त्याला क्लास न लावता स्वतः अर्ज भरून परीक्षेला बसता येतं. अभ्यासक्रम ८० तासांचा आखलेला आहे, त्यातले ५० तास प्रात्यक्षिकाचे. पेपरात १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ ९० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. परीक्षा शुल्क ५०० रुपये आणि वर जीएसटी. सर्टिफिकेट ऑनलाइन मिळतं. स्वस्त आहे, पण स्वतःच्या जिवावर करायचं असतं. अभ्यासक्रमात लिबर ऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, डिजिटल व्यवहार आहेत, सायबर सुरक्षा आहे; नुसतं एमएस ऑफिस येतं म्हणून जाऊन बसलेले काहीजण तिथं गोंधळतात. परीक्षा दर महिन्याला असते, तरी अर्ज आणि प्रत्यक्ष परीक्षा यांत दीड-दोन महिन्यांचं अंतर धरा, त्यापुढं निकाल. भरतीची जाहिरात आल्यावर सीसीसीचा अर्ज भरणारा नेहमी उशिरा पोहोचतो.

माझं मत विचाराल तर गावातल्या नवशिक्याला एमएस-सीआयटी, आणि बीएस्सी-बीसीए केलेल्याला सीसीसी. दोन्ही करून काही जास्तीचे गुण मिळत नाहीत. त्या पैशात टायपिंग शिका.

पैसे नसतील तर

फी जड जाते म्हणून मुलींचं शिक्षण आधी थांबतं, हे आपल्या भागातलं उघड सत्य आहे. त्यांच्यासाठी पहिली चौकशी पंचायत समितीत करावी. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून ग्रामीण भागातल्या मुलींना आणि महिलांना एमएस-सीआयटीच्या प्रशिक्षणासाठी मदत दिली जाते. निधी वर्षाला ठरावीक येतो आणि अर्ज मागवण्याची मुदतही ठरावीक असते, त्यामुळे अंगणवाडी ताईंना आणि ग्रामपंचायतीत आधीच सांगून ठेवा की अर्ज निघाले की कळवा.

आई किंवा वडील बांधकाम मजूर असतील आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी चालू असेल, तर दोन मुलांपर्यंत एमएस-सीआयटीच्या फीची परतफेड मंडळाकडून मिळते. आधी फी भरावी लागते, पास झाल्यावर पावती आणि गुणपत्रक जोडून मागणी करायची. इथं दोन ठिकाणी माणसं अडतात. एक, पावती हरवलेली असते. दोन, नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं. ते आधी तपासा.

मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातल्या तरुणांसाठी पुण्याच्या सारथी संस्थेने एमकेसीएलच्या केंद्रांतून व्यक्तिमत्त्व विकास आणि संगणक कौशल्याचा सहा महिन्यांचा मोफत पदविका अभ्यासक्रम चालवलेला आहे. घनसावंगी-अंबड पट्ट्यात त्याचा लाभ घेता येण्याजोगी मुलं घरोघरी आहेत. बार्टी, महाज्योती, अमृत या संस्थांकडेही आपापल्या प्रवर्गाच्या योजनांची विचारपूस करावी. मात्र एक काळजी घ्या. मोफत अभ्यासक्रमाला नाव घालताना ‘यातून मला मंडळाचं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मिळणार का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी माहितीपत्रकात शोधा. मोफत असणं आणि तुमच्या जाहिरातीला चालणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

असाच घोळ पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाच्या सर्टिफिकेटबाबत होतो. २०१७ पासून गावागावांत २० तासांचं ते प्रशिक्षण झालं, घरटी एकाला दिलं गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपलं. मोबाइल, इंटरनेट, ऑनलाइन पैसे यांची तोंडओळख करून द्यायला ते ठीक होतं. वर सांगितलेल्या शासन निर्णयातली संगणक अर्हता म्हणून ते सर्टिफिकेट पुढं करू नका.

टायपिंगचा कागद निराळा

लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर एमएस-सीआयटी पुरत नाही. त्याला टंकलेखनाची स्वतंत्र परीक्षा लागते: मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द. पूर्वी टाइपरायटरच्या खडखडाटात ही परीक्षा व्हायची. आता पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणकावर घेते, तिला सगळे जीसीसी-टीबीसी म्हणतात. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. तोही परिषदेची मान्यता असलेल्या टंकलेखन संस्थेतूनच करावा लागतो.

मी म्हणेन, लिपिक व्हायचं नसलं तरी टायपिंग शिका. आपल्याकडे एमएस-सीआयटी झालेली शेकडो मुलं दोन बोटांनी टाइप करतात. तलाठ्याच्या, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्याच्या, सज्जात किंवा सेवा केंद्रात रांग लागलेली असताना दोन बोटांचा माणूस बघवत नाही. त्यातही मराठी टायपिंग. मोबाइलवर ‘नमस्कार’ इंग्रजी अक्षरांत लिहून मराठीत उमटवणं सगळ्यांना येतं. ते घरापुरतं ठीक आहे. कामासाठी इनस्क्रिप्ट शिका. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात आणि एकदा बोटं बसली की कीबोर्डकडे बघावं लागत नाही. परीक्षेला कोणता आराखडा घ्यायचा ते संस्थेत विचारा, पण लिहा युनिकोडमध्ये. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेला अर्ज दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोडमधला मजकूर मुंबईत उघडा नाहीतर मोबाइलवर उघडा, तसाच दिसतो.

घरी संगणक नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर एक स्वस्तातला उपाय आहे. तीन-चारशे रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड आणि एक ओटीजी जोडणी घेतली की बहुतेक अँड्रॉइड मोबाइलला तो जोडता येतो. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास त्यावर एखादी बातमी उतरवून काढा. वीज गेली तरी मोबाइल चालतो, आणि आपल्याकडे ती जातेच. लॅपटॉप घ्यायचाच असेल तर जुना चालेल. लिबर ऑफिस फुकट मिळतं, चोरीचं सॉफ्टवेअर टाकून व्हायरस ओढवून घेऊ नका.

शिकताना हाताशी काय घ्यावं

केंद्रावर शिकवलं जातं ते तयार उदाहरणांवर. विद्यार्थ्यांचे गुण, कंपनीचा पगार. घरी सरावाला मात्र आपली उदाहरणं घ्या, म्हणजे डोक्यात राहतं. सोयाबीनची पट्टी घ्या. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वजन क्विंटलमध्ये, तिसऱ्यात भाव, चौथ्यात दोन्हींचा गुणाकार, पाचव्यात हमाली, सहाव्यात तोलाई, सातव्यात हातात आलेली रक्कम. सूत्र एकदाच लिहा आणि खाली ओढा. मग घरात चुलत्यांच्या, शेजाऱ्यांच्या पट्ट्या गोळा करून वीस-पंचवीस ओळी भरा आणि कुणाला भाव कमी मिळाला ते शोधा. क्रमवारी लावणं, गाळून बघणं, बेरीज, सरासरी हे सगळं एका बैठकीत येतं. आडतीवर किंवा कृषी सेवा केंद्रात कामाला लागायचं असेल तर हेच लागतं, पुढं टॅली शिकताना पाया तयार असतो.

आता एक गंमत करून पाहा. एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. सातबारा गायब होतो आणि तिथं तारीख येते, संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ७ डिसेंबर किंवा १२ जुलै. मधे तिरकी रेघ दिसली की एक्सेल तारीख समजतो, त्याला आपल्या महसुलाचं काय घेणंदेणं! गट नंबर ५/२ चंही हेच होतं. आधार क्रमांक टाकला तर बारा आकड्यांच्या जागी १.२३ ई+११ असलं काहीतरी दिसतं. बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडून जातं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सोळा आकडी क्रमांक असेल तर पंधराच्या पुढचा आकडा चुपचाप शून्य होतो. हे ध्यानात आलं नाही तर अनुदानाची यादीच्या यादी चुकीच्या खात्यांची जाते. उपाय दोन मिनिटांचा आहे. भरायला सुरुवात करण्याआधी तो रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा, किंवा आकड्याआधी एक उभं अवतरणचिन्ह टाइप करायचं. परीक्षेत हा प्रश्न येईल न येईल, कामावर पहिल्या आठवड्यात येतो.

वर्ड शिकताना जवळच्या जांबच्या एका माणसाचं ऐकावं. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांबेत झाला, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फक्त लिहावं कसं यावर खर्ची घातलाय, हे मात्र कमी जणांना माहीत आहे. चहूबाजूंनी कागदावर जागा मोकळी सोडावी, ओळीला ओळ लागू देऊ नये, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वळण एकच राहावं, असं त्यांचं सांगणं आहे. वर्डमधला कोणताही अर्ज यापेक्षा जास्त काय मागतो? समास, दोन ओळींमधलं अंतर, एकच फॉन्ट. आपली मुलं मात्र शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार वीस वेळा दाबतात आणि सहीची जागा उजवीकडे न्यायला चाळीस वेळा. मग फॉन्ट एक आकड्याने वाढवला की अख्खा अर्ज सांडतो. तुमचा अर्ज नीट बनलाय का ते तपासायची ही चांगली कसोटी आहे: सगळा मजकूर निवडा, अक्षर मोठं करा, काहीच जागचं हललं नाही तर तुम्हाला वर्ड येतं.

इंटरनेटच्या धड्याला मात्र पुस्तक मिटून ठेवा आणि घरचीच कामं करा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत स्वतः काढा. महाडीबीटीवर वडिलांच्या अर्जाची स्थिती पाहा. फोटो आणि सही स्कॅन करून त्यांचा आकार सांगितलेल्या केबीत बसवा. हे शेवटचं फार गरजेचं आहे, कारण कित्येकजण अर्जाच्या शेवटच्या रात्री फोटोच्या आकारावर अडकून पडतात आणि सेवा केंद्रवाल्याला जादा पैसे मोजतात. आणि हे करताना ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. केंद्रातल्या सरांनासुद्धा नाही.

भरतीच्या परीक्षाच आता संगणकावर होतात, हाही सरावाचा एक हेतू धरा. २०२३ ची तलाठी भरती आठवा: चार हजारांवर जागा, आणि १०० प्रश्न १२० मिनिटांत पडद्यावर सोडवायचे. ज्याचा हात माऊसवर बसलेला नाही त्याची मिनिटं तिथंच जातात, अभ्यास कितीही असो.

नाव, स्पेलिंग, तारीख

नोंदणी करताना दहावीचं गुणपत्रक समोर ठेवा आणि त्यावर जसं नाव आहे, अक्षर न अक्षर तसंच भरा. आधारवर एक, दहावीला दुसरं आणि संगणकाच्या सर्टिफिकेटवर तिसरं, असं झालं की पडताळणीत प्रतिज्ञापत्रांचा खेळ सुरू होतो. लग्न झालेल्या मुलींनी विशेष काळजी घ्यावी. माहेरच्या नावाने नोंदणी केली असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र फाईलला जोडलेलं हवं. हॉल तिकीट आल्यावर पुन्हा एकदा नाव वाचा. चूक परीक्षेआधी दुरुस्त होते तेव्हा एका अर्जाचं काम असतं. सर्टिफिकेट छापल्यावर तेच काम महिन्यांवर जातं.

नोकरीच्या मागे न लागता गावातच सेवा केंद्र टाकायचा विचार असेल तर वेगळी तयारी लागते. सीएससी केंद्राचा आयडी घ्यायला टीईसी नावाचा उद्योजकाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचं सर्टिफिकेट लागतं. एमएस-सीआयटी केलंय म्हणून आयडी मिळत नाही. पण एमएस-सीआयटी नीट केलेलं असेल तर टीईसी जड जात नाही.

आणि हे फक्त पोरांसाठी नाही. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, सोसायटीचे सचिव, चाळिशीतले शेतकरी, कुणालाही वयाची आडकाठी नाही. त्यांना सर्टिफिकेटची गरज नसेल, तरी मुलाला ‘जरा बघ रे’ म्हणत थांबावं लागू नये एवढ्यासाठी दोन महिने द्यायला हरकत नाही.

खरिपाची कामं आवरली की हाताला थोडा वेळ मिळतो, तेव्हा नाव घाला. जाहिरात निघण्याची वाट बघू नका. शेवटच्या तारखेआधीची तारीख असलेलं सर्टिफिकेट ज्याच्या हातात असेल, त्याचा अर्ज या अटीवर अडणार नाही.